दुपारी बारा ते सहा : सातारा की सांगली, एका कुटुंबाचं प्रकरण

विनंती बदलीच्या फॉर्मवर पसंतीच्या तीन जागा क्रमानं लिहायच्या होत्या आणि हातात दीड महिना होता. संतोष एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी, पुण्यातली मुदत संपत आलेली. त्याची बायको ऋतुजा सॉफ्टवेअर कंपनीत. तिचं ऑफिस बाणेरला. मंगळवार-बुधवार तिथं हजर राहावंच लागतं, बाकीचे तीन दिवस काम घरून. मुलगी चिऊ सव्वातीन वर्षांची. तिघांचीही नावं बदलली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशीलही हलवले आहेत.

ऋतुजाचं माहेर सांगलीत, गावभागात. संतोषचे आईवडील कोरेगाव तालुक्यात, शेतावर. साताऱ्यापासून पाऊण तास. पुण्यात राहायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं. घरभाडं तीस हजार, चिऊला दर महिन्याला सर्दी आणि सर्दीमागोमाग छातीत घरघर, पाळणाघरातून दुपारी फोन आला की कामावरून कुणी उठायचं यावरून वाद. त्यामुळे सातारा आणि सांगली ही नावं नक्की होती, प्रश्न कुठलं आधी लिहायचं एवढाच होता. तिसऱ्या रकान्यात कोल्हापूर लिहिलं, कारण तो रिकामा ठेवता येत नव्हता. कोल्हापुरात त्यांचं कुणी नाही आणि पुणे तिथून सांगलीइतकंच लांब. त्याचा विचार तिथंच संपला.

संतोषच्या पहिल्या शाखेत मी त्याची मॅनेजर होते. आता निवृत्त आहे. बदल्यांचे फॉर्म भरण्यात आणि भरून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून दोघं सल्ल्याला आले. मी साताऱ्याची, राहते साताऱ्यातच, हे आधीच सांगते. पुढे जे लिहिलंय ते माझ्या गावाच्या विरोधात जातं.

तक्ता

येताना त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता करून आणला होता. हवा, शाळा, दवाखाने, भाडं, पुण्याचं अंतर, बागा, सुरक्षितता, नातेवाईक. प्रत्येकाला दहापैकी गुण. साताऱ्याची बेरीज सांगलीपेक्षा तीन गुणांनी जास्त आली होती. तक्ता संतोषनं भरला होता. तीन गुणांचा फरक म्हणजे भरणाऱ्याच्या मनाचा कल, हे बँकेत कर्जप्रकरणांचे गुणतक्ते बघितलेल्या कुणालाही कळतं, आणि ऋतुजालाही कळलेलं होतं. ती गप्प होती.

सर्वात लांब चर्चा शाळांवर झाली आणि सर्वात कमी फरक शाळांतच निघाला. साताऱ्याच्या बाजूनं रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय, १९६१ सालचं देशातलं पहिलं सैनिक स्कूल. सांगलीच्या बाजूनं विलिंग्डन महाविद्यालय, वालचंद अभियांत्रिकी. सगळं खरं आणि अभिमानाचं. पण सैनिक स्कूलला प्रवेश सहावीत मिळतो, आणि वालचंदचा प्रश्न चिऊ बारावी झाल्यावर येईल. सव्वातीन वर्षांच्या मुलीला लागते चालत किंवा दुचाकीवर दहा मिनिटांत पोचता येईल अशी बालवाडी, जिथल्या बाईंना तिचं रडणं ओळखता येतं. अशा बालवाड्या दोन्हीकडे आहेत. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी, पूर्ण इंग्रजी हे तिन्ही पर्यायही दोन्हीकडे आहेत.

शाळेच्या बाबतीत कामाची निघाली ती एकच गोष्ट, आणि ती दोन्ही गावांना सारखी लागू. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्च धरतात. चिऊचा जन्म नोव्हेंबरचा. म्हणजे राज्याच्या हिशोबानं ती वर्गातली सगळ्यात लहान मुलगी ठरेल, आणि एक वर्ष थांबवली तरी तिचं काही बिघडणार नाही. "याच जूनला प्रवेश झाला नाही तर वर्ष जाईल" अशी जी धाप दोघांना लागली होती, ती या एका हिशोबानं कमी झाली.

भाड्याचं तर बोलायलाच नको. साताऱ्यात गोडोलीत काय आणि सांगलीत विश्रामबागेत काय, दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर पुण्याच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळत होतं. तक्त्यातली ती ओळ आम्ही पुसून टाकली.

छातीतली घरघर

चिऊच्या छातीचा प्रश्न मात्र खरा होता. संतोषचा युक्तिवाद साधा: सातारा उंचावर, डोंगराची हवा, मुलगी सुधारेल. पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांना त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर तितकं साधं आलं नाही. या वयात विषाणूच्या सर्दीबरोबर येणारी घरघर बऱ्याच मुलांत सहा वर्षांच्या आसपास कमी होत जाते. गाव बदलल्यानं ती थांबेल असं धरू नका, घर कसं आहे ते बघा. भिंतीला ओल आणि बुरशी नको, घरात धूर आणि उदबत्तीही नको, आणि रात्री दोन वाजता मूल दाखवायची वेळ आली तर कुठं जायचं ते आधीच बघून ठेवा.

या निकषावर दोन्ही गावांना आपापले डाग आहेत. साताऱ्याचा पावसाळा मला माहीत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगराच्या अंगाच्या घरांत कपडे वाळत नाहीत, कपाटाच्या मागच्या भिंतीला काळे ठिपके येतात. सप्टेंबरात कासला फुलं बघायला येऊन "इथंच राहावं" म्हणणारे पाहुणे आम्ही दरवर्षी बघतो. त्यांनी घर बघायला जुलैत यावं. सांगलीकडे हिवाळ्यात गाळप हंगाम सुरू झाला की उसाचं पाचट पेटवतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे कण उतरतात. ऋतुजा त्याच काजळीत वाढली आणि तिला ती आठवतही नव्हती. तिच्या आईनं फोनवर आठवण करून दिली.

दवाखान्यांत सांगलीची बाजू वरचढ होती, आणि ती मिरजेमुळे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक उपचाराला मिरजेलाच येतात. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, चांगले बालरोगतज्ज्ञ आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही २०२१-२२ पासून सुरू झालंय. पण गंभीर मूल "पुढे न्या" म्हणण्याची वेळ आली तर पुढे म्हणजे कराड किंवा पुणे. विश्रामबागेतून मिरज वीस मिनिटांवर. चिऊचा त्रास नेब्युलायझरवर, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या यंत्रावर, आटोक्यात येणारा होता, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक धरू नये असं मला वाटलं. तरी ऋतुजानं तो वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली.

पाणी कितीपर्यंत आलं होतं?

संतोषच्या तक्त्यात सांगलीला सुरक्षिततेत दहापैकी चार होते. कारण पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा पन्नाशीच्या पुढे गेली. ऋतुजाच्या आईवडिलांचं गावभागातलं घर २०१९ ला तळमजला भरून पाण्यात होतं. दोघं मिरजेला नातेवाइकांकडे होते, आणि परत आल्यावर चिखल काढण्यात, भांडी आणि कागदपत्रं धुण्या-वाळवण्यात त्यांचा गणपतीचा सण गेला. एवढं होऊनही वडील घर सोडायला तयार नाहीत. सांगलीत असे पुष्कळ आहेत. "आयर्विनला किती?" हा तिथला पावसाळ्यातला नमस्कार आहे, आणि चाळीस ऐकलं की सामान वरच्या मजल्यावर चढतं.

पण "सांगलीला पूर येतो" हे वाक्य घर शोधताना फार ढोबळ पडतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड हा भाग नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं की आधी भिजतो, गावभाग त्यानंतर, आणि विश्रामबाग, कुपवाड, मिरजेकडचा उंच भाग बहुतेक कोरडा राहतो. म्हणून मी ऋतुजाला एक प्रश्न दिला. घर दाखवणाऱ्या एजंटाला तो विचारायचा नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराला आणि इमारतीच्या वॉचमनला विचारायचा: एकोणीसला पाणी कितीपर्यंत आलं होतं? माणसं बोट दाखवून सांगतात. कंपाउंडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, मीटरच्या पेटीवर ती खूण त्यांच्या डोळ्यांसमोर असते. २००५ चं उत्तर दिलं तर ते धरायचं नाही, कारण २०१९ चं पाणी त्याच्याही वर गेलं आणि २००५ ला कोरडी राहिलेली घरं भिजली.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. घर कोरडं राहिलं तरी पुराच्या आठवड्यात नळाला पाणी येईलच असं नाही, दूध-भाजी अडते, कोल्हापूरकडचा रस्ता बंद पडतो. लहान मूल असलेल्या घरात त्या आठवड्याची तयारी लागते: पिण्याचं पाणी, नेब्युलायझर चालवायला इन्व्हर्टर, औषधांचा साठा. हे जमण्यासारखं आहे. चारावरून आम्ही सांगलीला सहा दिले, तेही विश्रामबागेतल्या वरच्या मजल्याच्या अटीवर.

रात्र की दुपार?

साताऱ्याच्या बाजूनं सगळ्यात भक्कम मुद्दा होता पुण्याचं अंतर. सातारा ते पुणे एकशे दहा-पंधरा किलोमीटर, सांगली ते पुणे त्याच्या दुप्पट. साताऱ्यातून ऋतुजा मंगळवार-बुधवार जाऊन-येऊन करू शकते; सांगलीतून केलं तर तिला पुण्यात रात्र काढावीच लागणार. सव्वातीन वर्षांच्या लेकीला सोडून आठवड्यात दोन रात्री बाहेर! संतोषच्या आईनं हे ऐकून फोन ठेवला होता म्हणे.

कागदावर मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी म्हटलं, दोन्हीकडे एकेक साधा आठवडा राहून बघा. दिवाळी नको, मे महिना नको, लग्नकार्य नको. मंगळवार-बुधवार ऑफिस असलेला, संतोषनं शाखेच्या वेळेइतकं घराबाहेर राहायचा, चिऊच्या झोपेची वेळ पाळायची असलेला आठवडा. संतोषनं रजा टाकली, पण सकाळी साडेनऊला घर सोडायचं आणि सातनंतरच यायचं असा नियम करून.

साताऱ्याचा आठवडा असा गेला. मंगळवारी ऋतुजा पहाटे साडेपाचला बॉम्बे रेस्टॉरंट चौकात मुंबईच्या एसटीत चढली. स्वारगेटची विनाथांबा गाडी तिच्या उपयोगाची नव्हती. बाणेरसाठी बायपासनं जाणारी आणि चांदणी चौकात उतरवणारी गाडी हवी. भाड्याचा बोजा नव्हता, कारण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. जाताना खंबाटकीचा बोगदा, सगळं सुरळीत. परत येताना मात्र तेव्हा घाट चढावा लागला, आणि घाटात एक ट्रक बंद पडला की मागे किती वेळ रांग लागेल ते कुणी सांगू शकत नाही. ती पावणेदहाला घरी पोचली. चिऊ झोपलेली. बुधवारी पहाटे निघाली तेव्हाही चिऊ झोपलेलीच, परत आली तेव्हाही. गुरुवारी घरून काम होतं. दुपारच्या मीटिंगमध्ये ऋतुजाचे डोळे मिटत होते.

"रोज रात्री घरी" याचा अर्थ दोन दिवस मुलीला जागेपणी न भेटणं असा निघाला. त्या रात्रींना काहीच किंमत नव्हती असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या रात्री चिऊ खोकत उठली तेव्हा आई शेजारी होती, आणि ऋतुजाला त्याचं समाधान फार होतं.

खरी अडचण दुपारची निघाली. बालवाडी नऊ ते बारा. बारा ते संध्याकाळी सहा चिऊ कुणाकडे? पुण्यात पाळणाघर होतं. साताऱ्यात त्यांनी चौकशी केली तिथं प्ले ग्रुप होते, तेही बाराला सुटणारे. कोरेगावच्या आजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आम्ही हाय की! तुम्ही कशाला काळजी करताय?" आणि त्या आल्याही, मंगळवारी सकाळच्या गाडीनं, डब्यात थालीपीठं आणि पिशवीत वाघ्या घेवडा घेऊन. पण दुपारी तीनला त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. घरी दोन म्हशी, संध्याकाळच्या धारा, सासऱ्यांचा गुडघा धरलेला. चारच्या एसटीनं त्या गेल्या. संतोष नियम मोडून घरी आला, म्हणजे प्रत्यक्षात त्याला शाखेतून दोन तास आधी निघावं लागलं असतं. बुधवारी त्या येऊ शकल्या नाहीत. शेताला पाणी द्यायची पाळी होती.

त्या माउलीच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण "आम्ही आहोत की" या होकाराला वार नव्हता आणि वेळ नव्हती, आणि शेतावरच्या माणसाला तो देताही येत नाही. म्हैस, पाण्याची पाळी, मजुरांचा दिवस हे त्यांच्या हातात नसतं.

सांगलीच्या आठवड्याआधी ऋतुजाच्या आईनं फोनवर जे सांगितलं ते ऋतुजाला लागलं. शब्द साधारण असे: "मी बघेन तिला, पण दुपारी बारा ते चार. चारनंतर माझं वाचनालय असतं, देवळात जायचं असतं, ते मी सोडणार नाही. अख्खा दिवस माझ्यानं होणार नाही, कंबर साथ देत नाही. तू पुण्याला गेलीस तर रात्री मी येणार नाही; रात्री पोरीला बाप आहे की."

ऋतुजा माझ्याजवळ रडली. स्वतःची आई तासांचा हिशोब करते, असं तिला वाटलं. मला मात्र त्या फोननंतर प्रकरण सुटल्यासारखं वाटलं, कारण दोन्ही घरांत मिळून पहिल्यांदाच कुणीतरी वेळापत्रकात लिहिता येईल असं बोललं होतं. बारा ते चार, रोज, वर्षभर. कर्ज देताना मोठ्या पगाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा आम्ही छोट्या पगाराची चिठ्ठी धरायचो, तसं ते होतं.

शिवाय शेवटचं वाक्य. तक्त्यात, चर्चेत, कोरेगावच्या फोनवर, सगळीकडे ऋतुजाच्या दोन रात्रींचीच काळजी चालली होती आणि संतोष तर त्या दोन्ही रात्री घरीच असणार होता! तो चिऊला आंघोळ घालतो, भरवतो, नेब्युलायझर लावतो. पुण्यात हे सगळं करत होताच. पण आई घरी नाही म्हणजे मूल उघड्यावर पडलं, असं धरून सगळे बोलत होते, स्वतः संतोषसुद्धा. रात्रीचा प्रश्न बापानं सुटत होता. दुपारचा बँक सुटेपर्यंत सुटत नव्हता. म्हणजे गाव निवडायचं ते दुपारवर.

सांगलीचा आठवडाही गुळगुळीत गेला नाही. ऋतुजा सोमवारी संध्याकाळी निघाली, रात्री उशिरा कोथरूडला बहिणीकडे पोचली. बुधवारी ऑफिसातून परस्पर निघून मध्यरात्रीच्या सुमाराला सांगलीत. रेल्वेचा तिनं फार अभ्यास केला होता. सप्टेंबर २०२४ पासून या मार्गावर वंदे भारत धावते, सांगलीला थांबतेही, पण ती पुण्यात दुपारी पोचते आणि दुपारीच परत निघते. ऑफिसवाल्याच्या कामाची नाही. सोमवारी रात्री चिऊ तासभर "आई कुठाय" करत होती. मंगळवारी कमी.

दुपारी आजीनं ठरल्याप्रमाणे चार वाजता पिशवी उचलली. घरून कामाच्या दिवशी चार ते सहा ऋतुजा काम आणि चिऊ दोन्ही ओढू शकत होती. मंगळवार-बुधवारच्या चार ते साडेसहाला मात्र भोक पडलं. ते भरलं आजोबांनी, ज्यांना या सगळ्यात कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, मी संध्याकाळी आमराई बागेत चालायला जातोच, हिला नेतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन वर्षांची सतत धावणारी मुलगी आणि रस्ता ओलांडणं, हे मला काही फार आवडलं नाही. शेवटी ठरलं की जाता-येता रिक्षा, आणि पावसाळ्यात आमराई नाही, घरीच.

उद्या पाचही दिवस बोलावलं तर?

साताऱ्याचा एक मुद्दा तरीही उभा होता. कंपनीनं उद्या आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं तर साताऱ्यातून निदान जाऊन-येऊन करता येईल, सांगलीतून अशक्य. हे खरं आहे, आणि साताऱ्यातून रोज पुण्याला जाणारी माणसं मला माहीत आहेत. पण त्यांच्यात लहान मूल असलेली आई मला आठवत नाही. रोज सव्वादोनशे किलोमीटर करून सव्वातीन वर्षांची मुलगी वाढवणं हा पर्यायच नव्हे. तसं झालं तर दोन्ही गावांतून पुण्यालाच परत जावं लागेल, किंवा ऋतुजाला नोकरी बदलावी लागेल. म्हणून या मुद्द्यानं सातारा वर जात नाही. घर विकत घ्यायचं नाही एवढंच त्यातून ठरतं. संतोषच्या डोक्यात साताऱ्यात फ्लॅट बुक करायचा विचार घोळत होता. तो मी जोरात हाणून पाडला. अकरा महिन्यांचा भाडेकरार, त्याहून मोठी कुठलीही सही नाही.

फॉर्मवर पहिलं नाव सांगली गेलं. बदली मिळाली.

हे सगळं करताना काही गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या. घर विश्रामबागेत, गावभागात नाही, आणि माहेरच्या घरात तर नाहीच. त्याला पूर हे कारण होतं तसंच दुसरंही होतं. "पोरगा घरजावई झाला" हे वाक्य कोरेगावात दोन तोंडांतून संतोषच्या वडिलांच्या कानावर आलं होतं. एकविसाव्या शतकात असलं काय मनावर घ्यायचं, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. पारावर बसणारा माणूस ते रोज ऐकतो. वेगळं घर, स्वतःच्या नावानं करार आणि आजीच्या घरापासून चार-पाच किलोमीटर अंतर यानं ती धार थोडी बोथट झाली. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. त्यातला एक कोरेगावचा, हे संतोषनं स्वतः वडिलांना जाऊन सांगितलं. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कोरेगाव स्टेशन आहेच, त्यामुळे चिऊला आगगाडीत बसायला मिळतं. सासूबाईंनी अजून सांगलीच्या घरी पाऊल ठेवलेलं नाही. येतील असं ऋतुजा म्हणते. मला खात्री नाही.

आजीच्या चार तासांना मोबदला द्यायचा का, यावरही बोलणं झालं. आजीनं पैसे घ्यायला साफ नकार दिला. मग ऋतुजानं त्यांच्या घरी धुणीभांडी आणि केर-फरशीला बाई लावून दिली, पगार तिचा. हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटला. कंबर वाचली, आणि आजीचा मानही राहिला.

पुराचं कलम आजोबांशी ठरवावं लागलं आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ऋतुजा म्हणत होती, पाणी वाढायला लागलं की विश्रामबागेत या. आजोबा म्हणत होते, चाळीस झाल्यावर बघू, आमची नदी आम्हाला माहीत आहे. शेवटी आकडा ठरला: आयर्विनला पस्तीस फूट, आणि कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी. दोन्ही झालं की दोघांनी औषधं आणि घराची कागदपत्रं घेऊन विश्रामबागेत यायचं, वाद नाही. त्या दिवसांत ऋतुजा पुण्याला जाणार नाही, हे तिनं ऑफिसात वरिष्ठांकडून मेलवर मान्य करून घेतलं. तोंडी होकार नको, हे ती आता शिकली आहे.

बालवाडी जूनमध्ये सुरू झाली. घरघर गेलेली नाही. पुण्यापेक्षा कमी वेळा येते, पण मूल वर्षानं मोठंही झालंय, त्यामुळे श्रेय हवेला द्यायचं की वयाला ते सांगता येणार नाही. सोमवारच्या संध्याकाळी चिऊ अजून चिडचिड करते. संतोष शाखेतून साडेसहाला निघायला धडपडतो, आणि मार्चअखेरीला ते जमणार नाही हे त्याला आत्ताच दिसतंय. त्या पंधरवड्यासाठी ऋतुजा घरून कामाची परवानगी मागणार आहे.

करार एप्रिलमध्ये संपतो. तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या ठरल्या आहेत: आजीला पुढचं वर्ष झेपेल का, कंपनीचे दिवस दोनच राहिले आहेत का, आणि कोरेगावच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे. तिसऱ्याचं उत्तर "याच वर्षी" असं आलं तर संतोष पुन्हा फॉर्म मागवणार, आणि पहिल्या रकान्यात सातारा येण्याची शक्यता बरीच आहे.